न गळणारा वाफा

पत्रेमामांना जमिनीवर चैन पडत नाही. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या डोक्यावर पन्हळी पत्रे बसवले. मागच्या वर्षी एका गोदामाच्या छपरावरून ते खाली आले, पण शिडीने नव्हे. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली. दवाखान्यातच मामींनी वचन घेतलं, पुन्हा छपरावर पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून मामा अंगणात येरझाऱ्या घालतात. वारा सुटला की मान वर करतात. गल्लीतल्या कुठल्या घराचा पत्रा सैल झालाय हे त्यांना आवाजावरून कळतं, आणि कळून काही उपयोग नाही, हेही.

शेवटी सुनेनंच त्यांना कामाला लावलं.

"बाबा, तुमचे उरलेले पत्रे गंजताहेत. मला मांडीएवढे उंच वाफे करून द्या. वाकून वाकून पाठ गेली माझी."

शिवाय तिच्या ओळखीतल्या बालवाडीच्या बाईंनाही तसेच सहा हवे होते. पहिला नीट झाला, तर ते काम मामांचंच.

मामा पेटले. पत्रे मापून कापले, धारदार कडांवर नळी चिरून बसवली. मातीच्या भारानं पत्र्याचं पोट सुटू नये म्हणून मधून तार ओढली. अंगणाची फरशी खराब व्हायला नको म्हणून सपाट पत्र्याचा तळ घातला आणि वाफा विटांच्या चार थरांवर चढवला. प्रत्येक स्क्रूखाली रबरी चकती, प्रत्येक जोडाला सिलिकॉन. मग आत वीतभर पाणी सोडून स्टुलावर बसून राहिले. दोन तास.

"बघ," ते मामींना म्हणाले, "एक थेंब नाही."

"मला काय दाखवता? मी काय त्यात राहायला जाणार आहे?"

माती भरली, टोमॅटोची रोपं लागली. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, रोपांनी माना टाकल्या. सुनेनं मातीत हात घातला. चिखल वर आला, कुजका वास आला.

"बाबा, पाणी जायला वाट कुठाय?"

"वाट ठेवली असती, तर चाळीस वर्षं कुणी दारात तरी उभं केलं असतं का मला?"

"मुळं गुदमरलीत हो. तळाशी भोकं पाडावी लागतील."

"मी भोकं बुजवतो. पाडायला दुसरा बघ."

दुपारी त्याच गोदामवाल्याचा फोन आला. छप्पर गळतंय, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही, एकदाच या. मामांनी नाही म्हटलं नाही. भिंतीवरची शिडी उतरवून पायऱ्या पुसायला घेतल्या. मामी दारात आल्या.

"जा. वचन मला दिलंय, पाय तुमचे आहेत," म्हणाल्या, आणि आत जाऊन भांडी आपटू लागल्या.

मामा शिडीला हात लावून उभे राहिले. त्यांना छप्पर हवं होतं, की तिथं वर असलेला, काय करायचं ते नेमकं ठाऊक असलेला माणूस? इथं खाली त्यांना येत असलेली प्रत्येक गोष्ट एकेक रोप मारत होती.

तासाभरानं त्यांनी ड्रिल मशीन काढलं. सून वायर धरून उभी राहिली. पत्रा किंचाळला. तळालगतच्या भोकातून तपकिरी धार सुटली, आणि मामा लंगडत पळाले. बादली आणून धारेखाली सरकवली. दुसऱ्या भोकाखाली घमेलं. तिसऱ्याखाली स्वयंपाकघरातलं पातेलं.

"अहो बाबा, वाहू द्या की!" सून हसून हसून खाली बसली.

"वाहतंयच ना. मी फक्त बघतोय किती."

"माझं पातेलं!" मामी बाहेर धावल्या आणि त्यांनी ते ओढून घेतलं. पाणी फरशीवर पसरत त्यांच्या पायांपर्यंत आलं. त्या हलल्या नाहीत.

सातवं भोक पाडून झालं आणि गोदामवाल्याचा पुन्हा फोन आला. कधी येताय?

"नाही यायचो," मामा म्हणाले. "दुसरा कुणी बघा. मला बालवाडीचे वाफे करायचेत."

बोलताना त्यांचा अंगठा त्या सातव्या भोकावर घट्ट दाबलेला होता. फोन ठेवल्यावरही त्यांनी तो लगेच काढला नाही.