नाव आणि धक्का यांच्यामध्ये

आमच्या कालव्यावरच्या केटुराचा जन्म नावेतला, लग्न नावेतलं, संसारही नावेतच. बर्मिंगहॅमला कोळसा पोचवायचा आणि परत फिरायचं. नाव कंपनीने दिलेली तिच्या नवऱ्याला, रूबेनला. सुकाणू मात्र कायम हिच्या हातात.

मी धक्क्यावर नावा बांधायचो. शाळेत मास्तरांनी गतीचे तीन नियम तीन वेगळ्या दिवशी शिकवले होते. कालव्यावर ते तिन्ही एकदमच अंगावर येतात. काठावरून दोराने ओढणाऱ्या घोड्याने ओढणं सोडलं तरी भरली नाव आपली चालतच राहते. थांबवायला जागा जितकी कमी, तितका जोर जास्त. आणि तो जोर तुम्ही पायाने लावलात, तर नावही तेवढाच जोर त्या पायावर लावते. हाड ते सोसत नाही.

रूबेनला हे पुरतं ठाऊक होतं. तरी एकदा, कंपनीने नावेला दिलेला नवा रंग खरवडेल म्हणून, त्याने नाव अडवायला धक्क्याला पाय लावला. पाय गुडघ्यापासून गेला.

कंपनीचा मुकादम पेनफोल्ड म्हणाला, "नाव धडधाकट पुरुषालाच मिळते, बाई. खाली करा."

"अहो साहेब, आजवर मीच तर हाकलीय ती! आता लंगड्या माणसाला घेऊन कुठं जाऊ?"

"मग ओरखडा न काढता धक्क्याला लावून दाखव. बघू."

तिने घोडा लांबूनच सोडवला. नाव अलगद, तिरकी आत येत होती. मी खुंटाजवळ दोर धरून उभा होतो. सगळं जमलं होतं. तेवढ्यात त्या शहाण्या पेनफोल्डने, मदत म्हणून, काठावरून पाय पुढे केला.

"साहेब, पाय काढा!" केटुरा ओरडली. पण पालथ्या घड्यावर पाणी! तिने सुकाणू गर्रकन फिरवलं. नावेचं नाक त्याच्या पायापासून दूर गेलं आणि मागची बाजू धक्क्यावर करकरत घासली.

पेनफोल्डने आधी स्वतःचे बूट पाहिले, मग ओरखडा. "पाहिलंत? बायकांचं काम नव्हे हे," म्हणाला आणि तरातरा कचेरीकडे चालू लागला.

संध्याकाळी त्यांची भांडीकुंडी धक्क्यावर उतरवताना मी चिडून म्हटलं, "सरळ येऊ द्यायची होतीस, केटुराबाई! त्याचाच पाय गेला असता, रंग तरी वाचला असता."

"ठाऊक होतं रे मला," ती म्हणाली. "पण रूबेनचं हाड मोडलं तेव्हा सुकाणूवर मीच होते. तो आवाज पुन्हा नको होता."