एका दुपारचं कुंकू

संक्रांत आली की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात हळदीचा, अत्तराचा वास भरतो आणि मला काळेवाडीतली ती दुपार आठवते.

पोलिसात असलेला नवरा वारला आणि त्याच्या जागी मला नोकरी मिळाली. गुप्त माहिती काढणाऱ्या शाखेत मी पाळत ठेवायला शिकत होते. त्या दिवशी परीक्षा होती: एका माणसाच्या मागे, त्याला कळू न देता, बाजारातून चालत जायचं. सणाच्या गर्दीत खपून जावी म्हणून साहेबांनी मला हिरव्या बांगड्या, खोटं मंगळसूत्र आणि कुंकू दिलं. सरकारनं मला एका दुपारपुरती सवाष्ण केली.

तो माणूस टपरीवर चहाला थांबला, म्हणून मी समोरच्या एका दारापाशी थांबले. आतून एक बाई आली.

"आवं ताई, भाईर का उभ्या? या की आत!"

मी आत गेले नाही, तर तिनं उंबऱ्यातच मला हळदकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. नवरा गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. तेवढ्यात तो माणूस निघाला. मीही निघाले.

"शाब्बास!" संध्याकाळी साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही कुणाच्या नजरेत भरत नाही, हाच तुमचा मोठा गुण." मग त्यांनी मंगळसूत्र परत मागितलं. कुंकू मी ऑफिसच्या नळावर धुतलं.

आज शेजारणीच्या दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग पडलाय. भाजीची पिशवी घेऊन मी त्यातून वाट काढते. दार सताड उघडं आहे, पण माझ्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

साहेब, मी अजून पास होतेय.