जाळीच्या पेटीतला आवाज

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलेय. त्यात माझा विषय इलेक्ट्रॉनिक्स... बेळगावात एम.एस्सी. करत होते, रोज मच्छेहून बसने यायचे. तिथं आम्हाला विद्युतचुंबकीय लहरींचं प्रॅक्टिकल असायचं.

त्या दुपारी प्रयोग अगदी साधा होता. तांब्याच्या बारीक जाळीची बंद पेटी. आत रेडिओ चालू करून ठेवायचा आणि झाकण लावायचं. आवाज जाळीतून बाहेर येतो, पण लहरी आत शिरत नाहीत. म्हणून गाणं थांबतं, नुसती खरखर उरते. रेडिओ मी घरून आणलेला, आमच्या आप्पांचा. जोडीला निपाणीचा संतोष. सगळ्यांचे मोबाईल सरांच्या टेबलावर.

झाकण लावलं. गाणं बंद, खरखर सुरू. आणि त्या खरखरीतून एका बाईचा आवाज आला, दमलेला –

"संतोषा... कडी आतनं हाय रं... उठता येईना मला..."

मी हसले. म्हटलं, "छान जमवलंस हं!"

संतोषचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई हाय ती," एवढंच बोलला आणि सरांच्या टेबलाकडे धावला. मोबाईल उचलून त्यानं शेजारच्या अण्णांना फोन लावला. "अण्णा, आमच्या घरला जावा. दार आतनं लावलंय, मोडा!"

अण्णांनी दार मोडलं. त्याची आई स्वयंपाकघरात पडलेली होती. अर्धांगाचा झटका. घरात ती एकटीच असायची. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर वाचली नसती.

तरी माझा संशय जाईना. सरांसमोर मी रेडिओ खोलला. त्यात ना मेमरी कार्डची जागा, ना ब्लूटूथ. पेटी पुन्हा तपासली, जाळी कुठं फाटलेली नव्हती. मग वाटलं, घरून आधीच कुणाचा तरी फोन आला असेल आणि यानं नाटक केलं असेल... पण स्वतःची आई तिकडं पडलेली असताना? शेवटी मी संतोषला तोंडावरच विचारलं, "खरं सांग, काय केलं होतंस तू?"

त्यानं बॅग खांद्याला लावली. "आईवरनं चेष्टा करीन व्हय गं मी?"

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

तरी परीक्षा झाल्यावर मी निपाणीला गेले. मला त्याच्या आईच्या तोंडून ऐकायचं होतं – हाक मारली होती का, काय म्हणाली होती. अण्णांनी मला दारातच थांबवलं. "काय इचारू नगंस पोरी. वाचा गेलीया तिची. मी दार मोडून आत गेलो तवाच बोलता येत न्हवतं."

मी आत जाऊन बसले. तिनं माझा हात धरला, ओठ हलवले. शब्द काही आला नाही.

मी तिला त्याआधी कधी भेटले नव्हते. तिचा आवाज मी ऐकला तो त्या पेटीतूनच... तोही तिचाच होता, असं संतोष म्हणाला म्हणून.