निम्मं-निम्मं टाका, मॅडम!

राग तिथल्या तिथे ओकला की संपतो. गिळला की त्याचा किस्सा होतो. दापोड्याच्या कारखान्यात मी सहा वर्षं केमिस्ट आहे. कापडावर छपाईचा रंग धरून ठेवणारं, दुधासारखं बाइंडर आम्ही बनवतो. आता माझ्याकडे किश्श्यांचा साठा किती असेल, बघा!

सुरुवातीला मी शेठना समजावत होते. दोन रसायनांचे रेणू जोडले जाऊन लांब साखळ्या होतात. पण एक उतावळं, ते पटापट जोडलं जातं, दुसरं रेंगाळतं. सगळं एकदम ओतलं तर आधीच्या साखळ्या मऊ, शेवटच्या कडक. म्हणून कोण कधी किती जोडलं जाईल, याचं मी कॉम्प्युटरवर मॉडेल केलं होतं. दोन महिने खपून!

शेठ म्हणाले, "मॅडम, दोन्ही निम्मं-निम्मं टाकतो ना? मग जोडणार पण निम्मं-निम्मंच! त्यात कॉम्प्युटर कशाला?"

शेठचा पुतण्या एमबीए. तो म्हणाला, "दोघांचे वेगवेगळे आकडे कशाला? कन्फ्यूजन होतं. अ‍ॅव्हरेज काढा!"

म्हणजे बाप आणि तान्हं पोर, दोघांना मधल्याच मापाचा शर्ट!

सेल्सवाल्यानं तर कहरच केला. माझा ग्राफ रंगीत छापून गिऱ्हाइकाला दिला आणि माल पाठवला जुन्याच पद्धतीचा. छपाईवाल्या भाईंचा फोन मला! "मॅडम, ग्राफ तो बढिया है, लेकिन कपडा पापड के माफिक बज रहा है!"

माफी कोणी मागितली? मी!

शेवटी मॉडेल मान्य झालं. रिअ‍ॅक्टरच्या टाकीशेजारी मी ग्राफ चिकटवला, खाली लिहिलं: रसायनं ४ तास, हळूहळू सोडणे. पुढच्याच आठवड्यात मी एक दिवस रजेवर. मॅनेजरनं पडघ्याच्या रामदासकाकांना, आमच्या ऑपरेटरना, फर्मावलं, "मालाची गाडी उभी आहे. सगळं तासाभरात सोडून टाक!" काकांनी नाइलाजानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. टाकीचं तापमान भराभर चढायला लागलं, आणखी थोडं चढतं तर स्फोटच! काकांनी कोणाला न विचारता व्हॉल्व्ह बंद केला, थंड पाणी सोडलं. बॅच वाया गेली, पण सगळी माणसं धडधाकट घरी गेली.

आणि मेमो कोणाला? काकांना!

दुसऱ्या दिवशी मी तणतणत त्यांच्याबरोबर केबिनमध्ये शिरले. शेठनी ग्राफ पुढे धरला. "रामदास, यातलं तुला काय समजतं?"

"काय बी न्हाय, शेठ."

मॅनेजर हसले. "मग कोणाच्या अकलेनं बंद केलंस?"

काकांनी ग्राफखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"चारचा आकडा मला वाचता येतो. साहेबांना येत न्हाय काय?"