पहिल्या प्लगवरचा मिक्सर

गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, घाटकोपरच्या आमच्या घरात, माझ्यावर अन्याय झाला. कानाला हेडफोन लावून मी वॉर्डातल्या साहेबाशी फुटपाथसाठी ऑनलाइन भांडत होतो आणि ऐन मुद्द्यावर वायफाय गेलं. माझ्या नव्या ऑटोमॅटिक एक्स्टेंशन बोर्डाचा नियम साधा: पहिल्या प्लगवरचा लॅपटॉप बंद झाला, की वायफाय आणि प्रिंटर आपोआप बंद. पण लॅपटॉप तर चालू होता!

कंपनीच्या नावाने शंख करत मी नाक्यावरचा वायरमन आणला. कानामागे टेस्टर, ओठांत स्क्रू. बोर्डाकडे न बघता त्याने आधी वास घेतला.

"काकी, चटणी वाटलीत?" त्याने आईला विचारलं.

"वाटली ना. याचा लॅपटॉप काढून मिक्सर लावला. लॅपटॉप बॅटरीवरही चालतो म्हणे."

"आणि किचनचा प्लग?"

"सहा महिने झाले जळून. याला फुटपाथमधून वेळ कुठाय?"

त्याने ओठांतला स्क्रू काढला. "बोर्ड झकास आहे, दादा. पहिल्या प्लगवरचा मिक्सर थांबला, बोर्डाला वाटलं घरातलं काम संपलं."

पत्रकं लिहिणाऱ्या हातात टॉर्च धरून मी किचनमध्ये उभा राहिलो. किचनचा प्लग त्याने दहा मिनिटांत बदलला.

म्हणून दुरुस्ती: अन्याय सहा महिन्यांपूर्वी झाला, आईवर. वाचकहो, फुटपाथच्या निवेदनावर सह्या नंतर करा. आधी उठा आणि आपल्या किचनमधला कुठला प्लग बंद आहे ते विचारा.