बासष्ट जणांचं टपाल

बाजारात तिला सगळे वहिनी म्हणायचे, आणि त्याला कारणीभूत होता तिचा दीर. त्याची मोटार शिकवायची शाळा हे तिचं पहिलं गिऱ्हाईक. ‘आमच्या वहिनी वेबसाइट करून देतात’ असं तो चारचौघांत सांगत सुटला, आणि मग चष्मेवाला, दातांची डॉक्टरीण असे एकेक करत बासष्ट जण तिच्याकडे आले. तिच्या वडिलांच्या वयाचा कुलूपवालासुद्धा तिला वहिनीच म्हणे.

वेबसाइट तर होत्याच, पण खरी जोखीम मेलची. बासष्ट जणांचं टपाल ती शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून सांभाळायची आणि त्यातलं एक पत्र आजवर हरवलं नव्हतं. तिची सगळी पत तेवढ्यावर उभी होती.

सर्व्हर चालवायला तिने एका कंपनीचं पॅनेल घेतलं होतं. मेलबॉक्स उघडायचे, बॅकअप घ्यायचे, सगळं त्यावरून. त्याचा भाव तीन वर्षांत चौथ्यांदा वाढला. वाढेना का, महागाई कुणाला चुकलीय? पण दर वेळी भाव वर आणि एखादी सोय गायब. यंदा बॅकअपमधून एकच मेलबॉक्स परत आणायची सोय उचलून महागड्या प्लॅनमध्ये नेऊन ठेवली होती. आणि मेलबॉक्स भरत आला की गिऱ्हाइकाला आधी सूचना जावी, ही वहिनीची साधी मागणी मात्र सात वर्षं ‘विचाराधीन’ होती. एवढा विचार माणसं लग्न करतानाही करत नाहीत.

तिने कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. भाववाढीपेक्षा तिला हेच झोंबलं. आपल्या रोजच्या वापरातली वस्तू कुणीतरी न विचारता बदलतं आणि आपल्याला ते कळतं नडल्यावर. तिने फुकट मिळणारं, आतली रचना कुणालाही उघडून बघता येईल असं दुसरं सॉफ्टवेअर बसवायचं ठरवलं.

“वहिनी, फुकटातलं बिघडलं तर जायचं कुणाकडे?” दिराने विचारलं.

“आत्ता पैसे मोजून कुणाकडे जातोय, भाऊजी?”

सगळ्या गिऱ्हाइकांचं लक्ष दिराकडे होतं, हे तिलाही ठाऊक होतं. त्याचं टपाल नीट राहिलं तर बाकीचे निमूट टिकतील. त्याचं हरवलं तर बासष्टच्या बासष्ट पुन्हा कंपनीच्या दारात.

तीन आठवडे ती कंबर कसून बसली. रोज तीन-चार मेलबॉक्स हलवायची, जुन्यातली पत्रं मोजायची, नव्यातली मोजायची, आकडा जुळला की पुढचा. शेवटचा मेलबॉक्स दिराचा. तोही जुळला. वहिनीने कंपनीचं खातं बंद केलं आणि त्या दिवशी दुपारी मस्त ताणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर जिना चढून आला. शिकाऊ मुलांवर खेकसणारा हा माणूस दारातच घुटमळला.

“वहिनी, दादाची पत्रं दिसत नाहीयेत.”

दादा म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.

“कुठल्या फोल्डरात होती?”

“कचरापेटीत.”

“कचरापेटीत कशाला ठेवलीत?”

“इनबॉक्समध्ये नव्या पत्रांखाली दबतात. कचरापेटीत कुणी हात घालत नाही, म्हणून.”

वहिनीच्या लगेच लक्षात आलं. जुनं पॅनेल कचरापेटीला कधी हात लावत नसे. नवं मात्र तीस दिवसांपेक्षा जुनं सगळं आपणहून पुसून टाकायचं. ते तिने वाचलं होतं, बरं वाटलं होतं, आणि सांगितलं कुणालाच नव्हतं.

“मिळतील,” ती म्हणाली. “बसा.”

हलवाहलवीच्या आदल्या दिवशीचा बॅकअप तिच्या डिस्कवर होता. त्यातून एकच मेलबॉक्स काढायचं बटण आता महागड्या प्लॅनमध्ये. राहू दे तिथे. बॅकअप म्हणजे शेवटी फायलींचं गाठोडंच. तिने ते हाताने सोडलं. आत हजारो फायली, नावं म्हणजे नुसते आकडे. संगणकाला नवऱ्याचा मेलचा पत्ता शोधायला लावून ती एकेक फाईल बाजूला काढत गेली. दुपार कलली तेव्हा एकशे बारा पत्रं त्याच्या मेलबॉक्समध्ये परत आली होती. तिने त्यातलं एकही उघडलं नाही. उघडावंसं फार वाटलं, पण ती भावाने भावाला लिहिलेली होती.

दिराने पहिलं उघडलं, वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. “तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही, वहिनी.”

ती ऐकत नव्हती. कचरापेटी पुसण्याची मुदत तिने सगळ्यांसाठीच बंद केली आणि बासष्ट जणांना पत्र लिहायला घेतलं: ‘कचरापेटी आपोआप रिकामी होईल हे मी तुम्हाला न विचारता, न सांगता चालू केलं. माझी चूक. तुमचं काही गेलं असेल तर कळवा, मी परत आणून देईन.’

दिराने खांद्यावरून वाचलं. “माझं तर मिळालं. हे कशाला पाठवता? ‘माझी चूक’ तेवढं तरी काढा, गिऱ्हाइकं बिथरतील.”

“कंपनीने मला एकदा एवढं लिहिलं असतं ना, भाऊजी,” वहिनी म्हणाली, “तर मी आजही तिथेच असते.”

आणि तिने पत्र होतं तसं पाठवून दिलं.