मूकपटातला आईचा आवाज

माझ्या आईने हॉलिवूडच्या एकाही नटाचं नाव कधी धड घेतलं नाही. ती त्यांना आपल्या सोयीची नावं द्यायची. तेल लावून केस चापून बसवलेला एक देखणा नट होता, तो तिचा 'कंगवेवाला'. प्रत्येक सिनेमात शेवटी मरणारा एक सालस माणूस होता, तो 'बिचारा'. आणि जिची नुसती पापणी हलली तरी पडदा भरून जायचा, ती 'डोयेवाली', म्हणजे डोळेवाली. मी जुन्या हॉलिवूडवर मराठीत ब्लॉग लिहिते. माझे वाचकसुद्धा हळूहळू हीच नावं वापरायला लागले होते. डोयेवालीवर पुन्हा कधी लिहिणार, असं कुणीतरी कोल्हापूरहून विचारायचं. म्हणून इथेही मी तीच नावं ठेवते.

या सिनेमांची गोडी मला इंग्रजीच्या भीतीमुळे लागली. माझी शाळा नागपूरजवळच्या खाप्याची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील लवकर गेले. आई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची आणि त्यावर आमचं चालायचं. नागपूरला येऊन मी हौसेने इंग्रजी साहित्य घेतलं, पण वर्गातलं बोलणं माझ्या कानावरून नुसतं वाहून जायचं. एका सरांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "तू मूकपट पाहा. त्यात इंग्रजी पाटीवर लिहून येतं. पाटी थांबवायची, नीट वाचायची, मग पुढे जायचं." त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. तोवर कुणाचंही इंग्रजी माझ्यासाठी थांबलं नव्हतं.

पदवी झाली आणि मला नागपूरच्या कडेला, वाडीत, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं करण्याचं काम मिळालं. गोदामांच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. वय झाल्यावर आईचं शाळेतलं काम सुटलं, तेव्हा तिलाही मी इकडे आणलं. रविवारी दुपारी स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून मी सिनेमा लावायची. बाहेर ट्रक मागे घेताना वाजणारं ते किणकिण संगीत चालूच असायचं. तेच आमच्या मूकपटांचं पार्श्वसंगीत.

पहिल्यांदा आई सोबत बसली तेव्हा डोयेवालीचा सिनेमा चालू होता. कंगवेवाला परगावी निघालाय, गाडीच्या दारात उभा आहे, आणि ती खाली फलाटावर. पाटी आली. मी वाचून सांगितलं, "तो म्हणतो, माझं हृदय मी तुझ्याजवळ ठेवून जातोय."

"असं कोन बोलते वं?" आई म्हणाली. "स्टेशनवर माणूस डब्याचं इचारते."

मग तिने स्वतःच सुरू केलं. डोयेवालीच्या आवाजात म्हणाली, "डब्बा घेतला का? तिकडं पोचल्यावर फोन करजो." लगेच कंगवेवाल्याच्या आवाजात, "तू रडू नको वं, मी दिवाळीले येतो." मागे काळा कोट घातलेला एक मिशीवाला उभा होता. त्याच्यासाठी तिने आवाज घोगरा केला, "जाऊ दे याले. मंग पायतो मी."

त्या दुपारी मी इतकी हसले की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. नंतर मी हे सगळं ब्लॉगवर उतरवलं. आधी सिनेमाची, दिग्दर्शकाची आणि नटांची माहिती, माझ्या परीने खरी आणि तपासलेली. खाली आईचे संवाद, तिने म्हटले तसेच, आमच्याकडच्या बोलीत. लोक माहिती वाचत होते की नाही कोण जाणे, पण संवादांसाठी यायचे हे नक्की. मी आईला त्यांचे अभिप्राय वाचून दाखवायची.

"एवढे शिकलेले लोक," आई म्हणायची, "अन् माह्या बोलन्याले हसून राहिले."

"माय, ते तुले हसून नाही राहिले. त्यायले आवडते."

"हाव, हाव. तू नोको समजावू मले." पण पुढच्या रविवारी ती जेवण लवकर आटपून तयार असायची.

एकदा मी बोलपट लावला. थोडा वेळ बघून तिने तोंड फिरवलं. "हे तं सोताच बोलून राहिले. मंग मी काय करू?"

जुन्या नटांचे वाढदिवस मी ब्लॉगवर साजरे करायची. आईला ते विचित्र वाटायचं. "मेलेल्या माणसाचा कोनी वाढदिवस करते काय? त्याले पान ठेवतेत." डोयेवालीला मूलबाळ नव्हतं हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. त्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला छपराच्या टिनावर आईने वडलांचं पान ठेवलं आणि शेजारी आणखी एक छोटं पान मांडलं. त्यावर वडा, थोडी खीर. मी विचारलं, हे कुणाचं? "तुह्या डोयेवालीचं. तिचं कोन ठेवन?" कावळा आधी त्याच पानावर बसला. आई म्हणाली, "पाय, भुकेली होती."

पुढच्या उन्हाळ्यात आईला झटका आला. मी ऑफिसात होते. काकूंचा फोन आला, मी धावत घरी पोचले आणि आम्ही तिला ऑटोत घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेले होते, पाय पुढे थोडा सुधारला. बोलणं मात्र गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तिला सगळं कळतं, मनात काय म्हणायचं तेही ठरलेलं असतं, पण शब्द जिभेवर येत नाही. एकच शब्द तिच्याकडे उरला होता, 'बाप्पा'.

आमच्याकडे हा शब्द गणपतीपुरता नाही. नवल वाटलं, कंटाळा आला, भाजीचा भाव ऐकला, पाहुणे फार वेळ बसले, सगळ्याला 'बाप्पा' म्हणतात. आता आई पाणी मागायला बाप्पा म्हणायची, दुखलं की बाप्पा, माझं नावसुद्धा बाप्पा. ती दुसरंच काही म्हणायला तोंड उघडायची आणि तोच शब्द बाहेर यायचा, तेव्हा तिचे डोळे असे व्हायचे की मला तिकडे बघवायचं नाही. गावात जिच्यासमोर कुणी बोलण्यात टिकायचं नाही, ती ही बाई.

धंतोलीतच स्पीच थेरपीच्या एक मॅडम होत्या, वयाने माझ्याएवढ्या. त्या आईशी फार मायेने वागायच्या. त्यांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, "सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. जे काही यायचं ते बहुतेक यात येईल. त्यांना तोंडपाठ असलेलं काही असेल, गाणं, आरती, ते सोबत म्हणा. कधी कधी त्या ओढीत शब्द येतो."

आरती म्हणून पाहिली. मग मला वाटलं, आईला आरतीपेक्षा जास्त पाठ काय आहे ते मला माहीत आहे. रविवारी मी डोयेवालीचा तोच सिनेमा लावला. ब्लॉगवरचे आईचे संवाद मी पाठ केले होते. फलाटाचा प्रसंग आला. मी आईच्याच सुरात म्हटलं, "डब्बा घेतला..." आणि थांबले. पुढचे शब्द ती म्हणेल म्हणून तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

आईचे ओठ हलले. "बाप्पा."

"डब्बा घेतला का, म्हन माय. घेतला का."

"बाप्पा." तिने मान हलवली, पुन्हा जोर लावला. "बाप्पा. बाप्पा."

मी सिनेमा मागे नेला आणि परत लावला. तीन-चार वेळा तसं झाल्यावर आईने डाव्या हाताने मोबाइल उलथा पाडला आणि भिंतीकडे तोंड करून रडली. काकू दारातून म्हणाल्या, "राहू दे वं बाई. तिचंच बोलनं तिले काहून शिकवतं?"

नंतर कित्येक रविवार आम्ही सिनेमा लावला नाही. ब्लॉगही बंद पडल्यासारखाच होता. वाचक विचारायचे, आई कशा आहेत, नवीन संवाद कधी? मी उत्तर लिहायची आणि पुसून टाकायची. मॅडमनी सांगितलेले महिने सरत चालले होते. व्यायाम रोज करायचो. चित्रांची कार्डं दाखवायची, ग्लास, चमचा, गाय. आई निमूट बघायची आणि शब्द तोच.

दसरा झाल्यावरच्या एका रविवारी मी भांडी घासत होते. मागून टकटक आवाज आला. आई बोटाने मोबाइलवर वाजवत होती. मग तिने स्टीलच्या डब्याकडे बोट केलं.

"सिनेमा लावू?"

"बाप्पा," म्हणजे, हो, मग काय.

या वेळी मी तिने कधी न पाहिलेला सिनेमा लावला. जुने संवाद आठवायला नकोत म्हणून. साधी विनोदी गोष्ट होती, लग्नघरातली. नवरदेव घोडागाडीतून निघालाय आणि वाटेत चाक निखळलंय. इकडे नवरीचा जाडा बाप घड्याळ बघत येरझाऱ्या घालतोय, एक वाळकी आत्या सगळ्यांना टोचून बोलतेय, आणि अंगणात बांधलेल्या बकरीने नवरीचा फुलांचा गुच्छ खायला घेतलाय. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. पाट्याही वाचल्या नाहीत.

बाप पडद्यावर आला, घड्याळ काढलं, आणि माझ्या शेजारून जड, घशातला आवाज आला, "बाप्पा."

मी वळून पाहिलं. आईची नजर पडद्यावर होती. आत्या आली. "बाप्पा बाप्पा बाप्पा बाप्पा," बारीक, नाकातून, न थांबता. हुबेहूब आमची खाप्याची शेजारीण. नवरदेव चिखलातून पळत होता. "बाप्... पा... बाप्... पा," धापा टाकत. पाद्र्याने पुस्तक उघडलं, तर तिने ते मंत्राच्या चालीवर म्हटलं. बकरीचं तर तिने असं म्हटलं की मी जमिनीवर लोळायची बाकी राहिले. एका शब्दात तिने सगळं लग्नघर बोलतं केलं आणि मला प्रत्येकाचं म्हणणं कळत होतं.

शेवटी लग्न लागतं. गाडीत बसताना नवरी वळून बघते, बाप फाटकाशी एकटा उभा असतो. त्याचं तोंड हलतं, पण तिथे पाटी नाही. त्याने काय म्हटलं ते सिनेमा सांगत नाही. आईने ते हलकेच म्हटलं. एकदाच, शेवटी आवाज थोडा वर नेऊन, विचारल्यासारखं. तो सूर मी ओळखला. रोज सकाळी मी ऑफिसला निघताना याच सुरात ती दारातून विचारायची, डब्बा घेतला का.

हे जपून ठेवावं म्हणून मी मोबाइलकडे हात नेला. पण आमच्याकडे मोबाइल एकच, आणि सिनेमा त्याच्यावरच चालू होता.

पुढच्या रविवारी काकूंचा फोन मागून आणला आणि आवाज भरायला तिच्या उशीशी ठेवला. तोच सिनेमा लावला. आईने तो फोन पाहिला, मला पाहिलं आणि सगळा सिनेमा मुकाट्याने बघितला. थकली असेल. मी आग्रह केला नाही. संक्रांतीच्या आधी तिला दुसरा झटका आला आणि धंतोलीहून ती परत आली नाही.

ब्लॉगच्या वाचकांना मी कळवलं. बऱ्याच जणांनी लिहिलं की आईंचे संवाद तरी राहिले. खरं आहे, ते राहिले. पण त्या लग्नाच्या सिनेमावरचा लेख अजून अर्धाच आहे. माहिती लिहून झाली आहे. संवाद लिहायला बसले की कागदावर बापाच्या पुढे बाप्पा, आत्याच्या पुढे बाप्पा, बकरीच्या पुढेही बाप्पा, आणि वाचणाऱ्याला त्यातलं काहीच ऐकू येणार नाही. तो लेख मी ब्लॉगवर टाकला नाही, पुसलाही नाही.

यंदा अमावस्येला टिनावर आईचं पान ठेवलं आणि त्याच्या शेजारी तिने मांडलं होतं तसं छोटं पान. कावळे उशिरा आले.

सकाळी ऑफिसला निघताना कुलूप लावते आणि पायरीवर क्षणभर थांबते. डबा पिशवीत असतोच, मीच भरलेला असतो. तरी हात घालून एकदा बघते.